आयर्लंडच्या आजीबाईचा बटवा
(महिला मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



मागच्या सभेत एक मावशी मला म्हणाल्या, "शहरात शिकून आलीस, आता आमचे काढे बंद करणार का गं?" नाही मावशी. आज मी उलटंच सांगायला उभी आहे.

आयर्लंड हा इंग्लंडच्या शेजारचा छोटा, पावसाळी देश. १९३७ साली तिथल्या लोकपरंपरा आयोगाने शाळांना एक काम दिलं. मुलांनी घरी जायचं, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं. १९३९ पर्यंत सुमारे ५ हजार शाळांतल्या ५० हजार मुलांनी लिहिलं! त्या वह्या आजही जपल्यात, मोबाइलवरसुद्धा वाचता येतात.

त्यात घरगुती औषधं खूप आहेत. तिथे नेटल नावाचं झुडूप असतं, अंगाला लागलं की आग आग होते. त्यावर डॉकचं पान चोळायचं. हे डॉक म्हणजे आपल्या चुक्याच्या जातीतलंच. खोकला झाला की कॅरगीन हे समुद्रातलं शेवाळ दुधात उकळून प्यायचं. आणि डांग्या खोकल्यावर काय, तर जिचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच, अशा बाईच्या हातचा पाव पोराला द्यायचा! हसताय काय? आपल्याकडे चमक भरली की पायाळू माणसाची लाथ खातोच ना आपण?

पण डांग्या खोकल्याने लहान बाळ दगावतं, तिथे पाव पुरत नाही. त्याची लस आपल्या अंगणवाडीत दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांला मिळते. ती चुकवायची नाही.

अजून एक. मुरगळल्यावर तिथे कॉम्फ्रीचा लेप लावत. फुलं नसताना कॉम्फ्रीची आणि फॉक्सग्लोव्हची पानं सारखीच दिसतात. फॉक्सग्लोव्ह विषारी, थेट हृदयावर जातं. कॉम्फ्री समजून त्याचा चहा प्यायलेल्यांना विषबाधा झालेली आहे. गंमत बघा, याच फॉक्सग्लोव्हपासून हृदयाचं औषध निघालं. विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला मूळ नुस्खा मिळाला एका म्हातारीकडून. डॉक्टरचं नाव राहिलं, म्हातारीचं कुणी लिहिलं नाही.

माझी आजी बाळंतिणीला कसल्याशा सालीचा काढा द्यायची. ती गेली. कोणत्या झाडाची साल, ते आता आईलाही सांगता येत नाही. मी एवढी समाजकार्याची पदवी घेतली, पण आजीला विचारलं नाही.

म्हणून पुढच्या सभेला प्रत्येक गटाने एक दोनशेपानी वही आणायची. आज्यांनी सांगायचं, शाळेतल्या पोरींनी लिहायचं. पान वाळवून शेजारी चिकटवायचं, कारण नाव एकच असलं तरी गावागावात झाड वेगळं असतं. कुणाला त्रास झाला असेल तर तेही लिहायचं, लपवायचं नाही. वहीचे पैसे गटाच्या खर्चात टाका, अध्यक्षताईंशी माझं बोलणं झालंय.