भाषा तीच, देश सुटलेला

30 जून 2022 रोजी मॉस्कोच्या गोगोल सेंटर या नाट्यगृहात शेवटचा प्रयोग झाला. नाव होतं, 'मी युद्धात सहभागी नाही'. रशियाने युक्रेनवर हल्ला चढवून चार महिने झाले होते आणि अनेक रंगकर्मी देश सोडत होते.

नाटककार मिखाईल दुर्नेन्कोव फिनलंडला गेले. पोलंडमध्ये राहणारे नाटककार इव्हान विरिपाएव यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं. पण पेच कागदपत्रांनी सुटत नाही. हल्लेखोरांची भाषा हीच आपली मायबोली. मग 'आम्ही रशियन' म्हणताना त्या 'आम्ही'त कोण येतं? परागंदा लेखकांच्या संहिता या प्रश्नाभोवती फिरतात. 1990 मध्ये सुरू झालेल्या 'ल्युबिमोव्का' या नवनाट्य महोत्सवातल्या संहितांची अभिवाचनं आता परदेशांत होतात. अभिवाचनाला ना नेपथ्य लागतं, ना फारसा पैसा. हे बरंच म्हणायचं!

मायदेशी राहणंही सोपं नव्हतं. लेखिका स्वेतलाना पेत्रिचुक आणि दिग्दर्शिका झेन्या बेर्कोविच यांच्या नाटकात अतिरेक्यांच्या जाळ्यात ओढल्या गेलेल्या स्त्रियांची कहाणी आहे. 2022 मध्ये त्याला 'गोल्डन मास्क' हा मानाचा पुरस्कार मिळाला. 2024 मध्ये त्याच नाटकावरून, दहशतवादाच्या समर्थनाचा ठपका ठेवून, दोघींना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली.