मोटारींची रांग : कालची आणि आजची
(व्याख्यानाचे शब्दांकन)



देशात गेल्या महिन्यात किती मोटारगाड्या विकल्या गेल्या, हा आकडा दरमहा वृत्तपत्रांत झळकतो आणि त्यावरून चलती की मंदी हे ठरविण्याची प्रथा पडली आहे. मात्र हा आकडा नेमका कशाचा, याची विचारपूस फारशी होत नाही. भारतातील मोटार कारखानदारीचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, स्वातंत्र्यानंतरची पहिली पस्तीस वर्षे तो परवान्याचा आकडा होता, पुढे तो मागणीचा झाला आणि आता तो बऱ्याच अंशी वितरकांकडे रवाना केलेल्या मालाचा असतो.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स व मद्रासची स्टँडर्ड मोटर्स हे या क्षेत्रातील दुसरे दोन घटक. परदेशातून सुटे भाग आणून येथे केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी एकतर प्रत्यक्ष उत्पादन करावे अथवा बाहेर पडावे, असे धोरण १९५३ मध्ये ठरले आणि शिवडीला जुळणी करणारी जनरल मोटर्स निघून गेली. उरलेल्या कारखान्यांनी वर्षाला किती गाड्या काढाव्यात हे परवान्यात नमूद असे. परकीय चलनाची चणचण होती, पोलादही पुरेसे नव्हते. खासगी मोटार ही चैनीची वस्तू मानून ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांना अग्रक्रम देण्यात आला. त्या काळच्या नियोजनकारांना आज दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या देशात हजारो गावांना रस्ताच नव्हता, तेथे बसगाडी आधी की खासगी मोटार आधी, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी चुकीचे दिले असे म्हणता येणार नाही. चूक झाली ती निराळी. स्पर्धा नसल्यामुळे गाडी सुधारण्याची निकडच कारखान्यांना भासली नाही. १९७० च्या दशकात सुमारे साठ कोटी लोकसंख्येच्या या देशात वर्षाला पन्नास हजार मोटारीही तयार होत नव्हत्या. आकुर्डीच्या कारखान्यातील स्कूटरसाठी अनामत भरून गिऱ्हाईक वर्षानुवर्षे थांबे, आणि नोंदणीची पावती हीच एक मालमत्ता समजली जाई. ताबा मिळताच स्कूटर चढ्या भावाने दुसऱ्यास विकणारेही काही कमी नव्हते.

हे चित्र पालटण्यास १४ डिसेंबर १९८३ पासून आरंभ झाला. सरकारी मालकीच्या मारुती उद्योगाने जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने ८०० सी.सी.ची छोटी मोटार त्या दिवशी पहिल्या ग्राहकाच्या हाती दिली. मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन १९९३ मध्ये उठले. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्याच्या टाटा कारखान्याची इंडिका आली, आणि पुढे चाकणच्या माळरानावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. भोसरी, चाकण आणि वाळूज येथील अनेक लघुउद्योग या कारखान्यांना दांडे, स्प्रिंगा, रबरी नळ्या व जोडभाग पुरवितात. एका मोटारीमागे हजारो लहान भाग असतात. त्यामुळे फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीमागे न दिसणाऱ्या कितीतरी कामगारांचा रोज गुंतलेला असतो.

आता अलीकडचे आकडे पाहू. प्रवासी वाहनांची देशांतर्गत विक्री २०१८-१९ मध्ये सुमारे ३३ लाख ८० हजार होती. २०२०-२१ मध्ये ती २७ लाखांवर उतरली. त्याच वर्षातील एप्रिल २०२० हा संपूर्ण महिना देशात जवळजवळ एकही गाडी न विकता गेला होता. २०२४-२५ मध्ये मात्र विक्रीने ४३ लाखांचा टप्पा ओलांडला. २०२२ मध्येच जपानला मागे टाकून भारत जगातील तिसऱ्या क्रमांकाची मोटार बाजारपेठ झाला होता. हे सारे अभिमानास्पद खरे. परंतु त्याच काळात दुचाकींची विक्री २ कोटी ११ लाखांवरून सुमारे १ कोटी ९६ लाखांवर आली. मोटारींमध्येही जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा आता उंच, वजनदार आणि महागड्या गाड्यांचा आहे. पाच लाख रुपयांच्या आतील मोटारी २०१५-१६ मध्ये नऊ लाखांवर खपल्या होत्या. २०२४-२५ मध्ये त्यांचा खप पंचवीस हजारांच्या आसपास आला. भाववाढीमुळे अनेक गाड्या त्या मर्यादेबाहेर गेल्या हे मान्य केले, तरी पहिल्यांदाच मोटार घेऊ पाहणारा शिक्षक, ग्रामसेवक किंवा छोटा दुकानदार या बाजारातून मागे सरला, ही गोष्ट लपत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये शंभरांपैकी जेमतेम साडेसात कुटुंबांकडे मोटार होती.

कारखाने जाहीर करतात ती विक्री म्हणजे वितरकाकडे पाठविलेला माल. घरी गेलेली गाडी परिवहन कार्यालयातील नोंदणीवरून कळते. या दोहोंतील अंतर २०२४ च्या सणासुदीत उघडे पडले. वितरकांच्या संघटनेच्या हिशेबानुसार त्या वेळी सुमारे ७ लाख ९० हजार गाड्या, म्हणजे अडीच महिन्यांहून अधिक विक्रीचा साठा, त्यांच्या आवारांत पडून होता. पूर्वी गिऱ्हाईक रांगेत उभे असे. आता गाड्या रांगेत उभ्या होत्या, आणि त्यांच्यावरील कर्जाचे व्याज वितरक भरत होते.

साठा वाढला की त्याची झळ प्रथम पुरवठादाराला बसते. २०१९ च्या मंदीत देशातील मोठमोठ्या कारखान्यांनी उत्पादनाचे काही दिवस बंद ठेवले, तेव्हा सर्वप्रथम घरी बसले ते कंत्राटी कामगार. आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन औद्योगिक वसाहतीत गेलेली आपल्याच गावची मुले त्यांत होती.

तळेगावचे उदाहरण याहून बोलके आहे. जनरल मोटर्स दुसऱ्यांदा भारतात आली आणि २००८ मध्ये तेथे तिचा कारखाना सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने देशातील विक्री थांबविली, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद झाले आणि हजारावर कामगारांना कमी करण्यात आले. ती जागा व यंत्रसामग्री घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के व अधिभारावरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला, ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींनाही ही सवलत मिळाली. पाठोपाठ आलेल्या दसरा-दिवाळीत नोंदणी कार्यालयांतील आकडे चढले. त्यांत छोट्या गाड्या किती आणि पहिल्यांदाच गाडी घेणारे किती, हे मात्र एकूण आकड्यावरून समजत नाही. त्यासाठी जिल्हावार व प्रकारवार नोंदणीच पाहावी लागते.