पाण्यावर फिरणारं जातं

गेल्या दिवाळीनंतर आमचा बचत गट वेरूळ बघायला गेला. परतताना छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली, आणि गाडीत लेण्यांपेक्षा तिच्याच गप्पा जास्त झाल्या. कारण आम्हा दहाजणींच्या डोक्यात तेव्हा एकच घोर होता, कर्ज काढून पिठाची गिरणी घ्यायची की नाही? गावातली जुनी गिरणी बंद पडलेली. डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला जावं लागायचं.

पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. अठराव्या शतकातलं काम. शहराच्या उत्तरेला डोंगरात झरा, तिथून सुमारे ६ किलोमीटर मातीच्या नळांतून पाणी आणलंय. ते उंच भिंतीत चढवून हौदात सोडायचं. तिथून धार खाली लोखंडी पात्यांच्या चाकावर पडते. चाक आडवं असतं, त्याचा कणा वर जाऊन दगडाची पाळ फिरवतो. दर्ग्यात उतरणाऱ्या यात्रेकरूंचं, फकिरांचं दळण यावर व्हायचं. आमच्यातल्या एक आत्या निरखून बघत म्हणाल्या, "आगं, हे आपलं जातंच की. फक्त खुंट्याला बाई नाही."

मग आपल्याकडे असं का झालं नाही? बारामती-इंदापूर पडला कमी पावसाचा, सपाट मुलूख. ओढे पावसाळ्यात वाहतात आणि आटतात. चाकाला बारमाही धार लागते. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, पण त्याचं पाणी आवर्तनाचं, पिकाच्या वाटणीचं. दळण राहिलं बाईच्या दंडावर. पहाटे उठून दोघी समोरासमोर बसायच्या, एक वैरण घालायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. म्हणजे किती पहाटा झाल्या, बघा! जातं गुळगुळीत झालं की टाकी लावायला माणूस यायचा. पुढे पुकपुक करणारी इंजिनची गिरणी आली, मग विजेची.

गाडीत एकजण म्हणाली, "पाणचक्कीला वीजबिल नव्हतं. आपला हप्ता थकला तर?" दुसरी म्हणाली, "नळ फुटला की सहा किलोमीटर कोण हुडकत बसणार? बिल परवडलं!" इंदापूर येईपर्यंत वाद चालला. शेवटी हात वर केले, सात विरुद्ध तीन.

गिरणी घेतली. दुसऱ्याच महिन्यात मोटार जळली आणि त्या तिघींनी आम्हाला चांगलंच सुनावलं. दुरुस्तीला प्रत्येकीनं दोनशे रुपये घातले, त्या तिघींनीसुद्धा. आता पाळीपाळीनं दोघी बसतो. गव्हावर ज्वारी टाकायची नाही यावरून रोज कुरबुर होते. हप्ते अजून अकरा राहिलेत. आणि आत्या दळण आणतात, पण पुरणाची डाळ मात्र घरीच जात्यावर भरडतात.