आठ दिवसांचा एकांत



लग्न झाल्यापासून पहिलें मूल होईपर्यंत नवराबायकोचा जो काळ जातो, त्याला आपल्या भाषेंत स्वतंत्र नांव नाहीं. पहिलटकरणीच्या कौतुकाला मात्र तोटा नाहीं. चोरओटी आहे, ओटभरण आहे. चांदण्यांतलें, बागेंतलें, नावेंतलें अशीं नाना तऱ्हेचीं डोहाळजेवणें आहेत. पण या सोहळ्यांत नवरा कोठें असतो? बहुधा बाहेरच्या पडवींत, पाट मोजीत! जुन्या गृह्यसूत्रांत तसें नव्हतें. सीमंतोन्नयनाच्या विधींत पतीनेंच साळिंदराचा काटा, दर्भ आणि कोवळीं उंबरें हातीं घेऊन पत्नीचा भांग वर काढावयाचा असे. भवभूतीच्या उत्तररामचरितांतही पहिल्या अंकीं वडीलमंडळी ऋष्यशृंगाच्या यज्ञास गेलेलीं आहेत, आणि राम व गर्भवती सीता आपल्याच वनवासाचीं चित्रें पाहत आहेत. पुढें काय ओढवतें तें आपणांस ठाऊकच आहे. परंतु त्या संकटापूर्वीं कवीनें दोघांना निवांत बोलूं दिलें, हें मला फार मोठें वाटतें.

आमच्या रत्नागिरीकडे हा निवांतपणा दुर्मिळ. कित्येक घरांचा कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस, गिरणींत नाहीं तर कचेरींत. तो यावयाचा शिमग्याला, मे महिन्यांत किंवा गणपतीला. पावसाळ्यांत आगबोटी बंद असत, म्हणून गणपतीला येणेंही पूर्वीं सोपें नव्हतें. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली ती १९९८ सालीं. तोंवर घाट उतरणारी एस. टी. हाच आधार. रजा मोजक्या दिवसांची. तींत देवकार्य, कौलांची दुरुस्ती, भाऊबंदांतील वाद. पत्नीशीं बोलणें व्हावयाचें तें ताट वाढून घेतांना!

मी मुंबईस गेलों नाहीं. परंतु माझी स्थिति फारशी निराळी नव्हती. राजापूर तालुक्यांतील एका खेड्यांत मी मास्तर, आणि पत्नी रत्नागिरीस माझ्या आईवडिलांपाशीं. १९८६ च्या दिवाळीच्या सुटींत मी घरीं आलों, तेव्हां तिला पांचवा महिना लागला होता. नरकचतुर्दशीस तुळशीपुढें कारीट फुटलें, गोड, तिखट, ताकांतले असे पोहे झाले, पाडव्याची ओवाळणी झाली. मग वडिलांनीं कार्तिकीला पंढरपुरास जावयाचें काढलें. आईनें जातां जातां, "तिला विहिरीचं पाणी ओढूं देऊं नकोस," एवढें बजावलें, आणि दोघें निघून गेलीं. घरांत आम्ही दोघेंच उरलों.

खरें सांगतों, पहिल्या दिवशीं आम्हांला बोलावयास कांहीं सुचेना. दीड वर्षाचा संसार, पण असा एकांत कधीं मिळालाच नव्हता. घरांत कोणी नसतांनाही ती आपली हळूच बोलत होती. मी पाणी भरलें, भात करपविला, आणि ती मोठ्यानें हंसली. तिचें हंसणें एवढें मोठें आहे, हें मला त्या दिवशीं कळलें. तिला डोहाळे आवळ्यांचे. आवळी नवमीस शेजारच्या परसांतील आवळीखालीं बसून आम्ही डाळभात जेवलों. शेजारणींनीं गडग्यावरून पाहिलें. पाहोत बापड्या!

त्याच संध्याकाळीं हळूहळू चालत थिबा राजवाड्याकडे गेलों. मास्तरकीची संवय जात नाहीं. मी सांगूं लागलों. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें आणि पुढच्या वर्षीं येथें आणून ठेवलें. हा राजवाडा झाला १९१० सालीं, आणि १९१६ सालीं राजा येथेंच वारला. तिनें मधेंच विचारलें, "आणि राणी?" मी सांगितलें कीं, सुपायालत राणीला मंडाले सोडावें लागलें तेव्हां ती गर्भवती होती, एक मुलगी १८८६ सालीं मद्रासेस झाली आणि त्यापुढची १८८७ सालीं आपल्या रत्नागिरींत.

"परक्या मुलखांत तिचं बाळंतपण कुणी केलं असेल हो?"

या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. ती खालीं भाट्याच्या खाडीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माझं तरी कोण करणार?"

तिची आई आमच्या लग्नापूर्वीं चारच महिने निवर्तली होती. पहिलें बाळंतपण माहेरीं, ही रीत. पण माहेर लांजे तालुक्यांतील एका वाडींत. डॉक्टर कोसभर दूर, आणि भावजयीच्या मांडीवर तिचेंच तान्हें. हें बोलून दाखवावें, तर माहेराला कमीपणा येतो. म्हणून ती गप्प होती. पांच महिने हें मला ठाऊक नव्हतें! पत्रांतून कळणेंही शक्य नव्हतें, कारण माझीं पत्रें घरांत सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचलीं जात.

पुढचे दिवस आम्ही हिशेब करण्यांत घालविले. पगार किती, उसने किती, जिल्हा रुग्णालयापर्यंत रिक्षा रात्रीं मिळेल काय. असल्या रुक्ष बोलण्यांतही गोडी असते, ती तेव्हां अनुभवली. हल्लीं जोडपीं मूल होण्यापूर्वीं चार दिवस गणपतीपुळ्यास जाऊन राहतात. मधल्या तीन महिन्यांत वैद्याच्या सल्ल्यानें प्रवास करण्यास बहुधा हरकत नसते. वडीलधारीं त्यांना हंसतात. मला हंसूं येत नाहीं.

आईवडील बुक्का व चुरमुरे घेऊन परतलीं. मी आईला सारें सांगितलें. ती थोडा वेळ बोलली नाहीं, मग म्हणाली, "तर मग डिंक, हळीव आणि बाळंतशेपा आतांच आणून ठेव. ऐन वेळीं महाग होतात."

सासऱ्यांना मात्र मीं पत्रानें कळविलें, ही माझी चूक. स्वतः जाऊन सांगावयास हवें होतें. माघांत ते न कळवितां आले. एस. टी. च्या टपावर त्यांच्या घरचा सागवानी पाळणा, सुटा करून सुतळीनें बांधलेला. मी तो उतरून घेत असतांना ते एवढेंच बोलले, "कड्या तपासून घ्या, मास्तर." जेवावयास थांबले नाहींत, परतीची गाडी धरली.

मार्चमध्यें मुलगी झाली. बारशाला ते आले, आणि आईनें वाढलेलें पोटभर जेवले.