स्वपक्षाला 'नाही' म्हणणारे

(चँडलर येथील बैठकीतील भाषण)



आपण बसलोय त्या चँडलरला लागूनच मेसा आहे. तिथले रस्टी बॉवर्स हे अ‍ॅरिझोनाच्या कनिष्ठ सभागृहाचे रिपब्लिकन अध्यक्ष होते. 2020 मध्ये ते ट्रम्प यांच्याच बाजूचे. बायडन राज्यात 10,457 मतांनी जिंकले. निकाल फिरवायला मदत करा, असा ट्रम्प आणि त्यांच्या वकिलाचा फोन आला. बॉवर्स म्हणाले, पुरावा द्या. तो काही आला नाही आणि हेही बधले नाहीत. ऑगस्ट 2022 मध्ये पक्षाच्याच मतदारांनी प्राथमिक फेरीत त्यांना घरी बसवलं.

लोकशाही हवी का, असं विचारलं तर यातले बहुतेक मतदार 'हो'च म्हणतील, असं मला वाटतं.

मला मोहन धारिया आठवले. काँग्रेसचे केंद्रीय मंत्री. जयप्रकाशांशी बोला म्हणाले, मार्च 1975 मध्ये मंत्रिपद गेलं. आणीबाणीला विरोध केला, तुरुंगात गेले. 1977 मध्ये पुण्याने त्यांनाच लोकसभेत पाठवलं. (पुणेकरांनी लगेच कॉलर ताठ करू नये, आणीबाणी भोगून झाली होती.)

आणि मी? 2020 मध्ये माझा उमेदवार जिंकला, त्यामुळे माझी परीक्षा झालीच नाही. पण भारतातला माझा आवडता पक्ष पत्रकारांना छळतो, तेव्हा "त्यांनीही केलंच होतं ना" हे मीच लिहितो. गेल्या महिन्यात धाकट्या भावाने विचारलं, "दादा, मग तेव्हा तू कुणाच्या बाजूने होतास?" त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.