खोक्यातला सूर



चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत संगीताचा मेळावा कशाला, असं काहींनी विचारलं. मला जागा योग्य वाटते. यंत्र विकताना त्याच्यासोबत काय द्यायचं, हा वाद इथल्या कारखानदाराला समजावून सांगावा लागत नाही.

मिडी कंट्रोलर म्हणजे मुकी पट्टी. कोणती कळ दाबली, किती जोरात दाबली, एवढा निरोप ती संगणकाला देते. सूर काढायचा तो संगणकातल्या वाद्याने. मग ते वाद्य पट्टीसोबतच यावं का? माझं मत विचाराल तर, यावं. पैठणचा किंवा जालन्याचा पोरगा पैसे साठवून पहिली पट्टी घरी आणतो आणि ती वाजतच नाही. मग तो काय करतो, हे या सभागृहात कुणाला माहीत नाही? वाद्याची चोरटी प्रत, म्हणजे क्रॅक, उतरवतो, सोबत व्हायरसही घेतो. आर्टुरिया कंपनीच्या पट्टीबरोबर अॅनालॉग लॅब हे सॉफ्टवेअर येतं, नोव्हेशनच्या पट्टीबरोबर एबलटन लाइव्हची छोटी ‘लाइट’ आवृत्ती. निदान पहिल्या संध्याकाळी घरात काहीतरी वाजतं. त्याला फुकट मात्र म्हणू नका. त्याचे पैसे पट्टीच्या किमतीत धरलेले असतात, आणि ‘लाइट’ हा मोठी आवृत्ती विकण्याचा गळ असतो.

मला खरी काळजी आहे ती खोक्यात काय येतं याची. रोलंड कंपनीचं विजेवरचं तालवाद्य, एसपीडी-२० ऑक्टोपॅड, आठवा. आठ पॅड, पोटात शेकडो आवाज, बाहेरून नवा आवाज भरायची सोय नाही. ते आवाज कुणी आपल्या तमाशासाठी केले नव्हते. आपल्या वादकांनी त्यांचाच सूर चढवला, लांबी छाटली, दोन आवाज एकमेकांवर ठेवले आणि ढोलकी घडवली, हलगी घडवली. असे घडवलेले आवाज, म्हणजे पॅच, हातोहात फिरले, विकलेही गेले. हळदीच्या मांडवापासून भीमगीतांच्या मंचापर्यंत तोच ठेका पोचला. ही कारागिरी थोर आहे, पण तिचा दुसरा परिणामही बघा: आज कित्येक तरुणांना पॅडवरची ढोलकी हीच ढोलकी वाटते. कंपनीने खोक्यात जे भरलं, त्यातून आपल्या गावांचा कान घडला.

आणि आज काय भरलं जातं? पियानो, सिंथ, ड्रम; आमच्या वाट्याला ‘वर्ल्ड’ नावाच्या फोल्डरात एखादी सतार. संबळ शोधत बसा. कळांच्या वाद्यात मींड, म्हणजे सुरातून सुरात सलग सरकणं, निघत नाही, हा हार्मोनियमवरचा जुना आक्षेप; आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात पेटीवर बंदी घातली होती, तिच्यामागे तोही होता. आता तसं राहिलेलं नाही. २०१८ साली मान्य झालेल्या मिडीच्या एमपीई पद्धतीत प्रत्येक सूर स्वतंत्र वळवता येतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तानपुऱ्याची जवारी नीट ध्वनिमुद्रित करून द्या ना पट्टीसोबत! आणि वाद्य घडवणाऱ्याला विक्रीतला वाटाही द्या.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे: पट्टी आणि वाद्य एकाच कंपनीत जखडून टाकण्याला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचं प्रॉफेट-६०० आणि काकेहाशी यांच्या रोलंडचं ज्युपिटर-६ ही दोन सिंथ एका वायरने जोडली गेली. दोन स्पर्धकांची वाद्यं एकमेकांशी बोलली. मिडी ही वाद्यांची सामाईक भाषा जन्मली ती यासाठीच. आता काही पट्ट्यांची बटणं आपल्याच घरच्या सॉफ्टवेअरशी नीट बोलतात, इतरांशी तुटक. वाद्य सुरू करायला खातं हवं, इंटरनेट हवं. २०१९ साली अॅपलने मॅकओएस कॅटालिना आणलं, ३२-बिट प्रोग्राम चालेनासे झाले, आणि ज्यांची नवी आवृत्ती आली नाही ती वाद्यं त्या यंत्रावर गप्प झाली. पट्टीच्या कळा मात्र ठणठणीत होत्या.

म्हणून खोक्यावर छापलेलं असावं: आतली वाद्यं कुठल्याही पट्टीवर चालतील, ही पट्टी कुठल्याही वाद्याला चालेल, आणि पट्टी दुसऱ्याला विकली तर परवानाही त्याच्या नावावर होईल. शेवटचं कलम या मेळाव्यात मांडायच्या आपल्या ठरावाच्या मसुद्यात नाही. दुपारच्या सत्रात ते घालावं, अशी माझी सूचना आहे. विक्रेत्यांचा त्याला विरोध असणार, हे मी धरून चाललो आहे; त्यांना आधी बोलू द्या.