पडीक प्लॉटवर सामायिक बाग



मालक आहे पण वाली नाही, असा एखादा प्लॉट बहुतेक प्रत्येक वॉर्डात सापडतो. घरदुरुस्तीचा राडारोडा, गाजर गवत, पावसाळ्यात डबकी आणि डास. आजूबाजूची माणसं नाकाला रुमाल लावून पुढं जातात. अशा जागेवर वस्तीची स्वतःची बाग उभी राहू शकते. मात्र रोपं आणण्याआधी हातात कागद हवा आणि सोबत माणसं हवीत.

याचं उत्तम उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. १९७० च्या दशकात ते शहर कर्जात बुडालं होतं. लोअर ईस्ट साइड भागात मालक इमारती टाकून निघून जात होते आणि पाडलेल्या इमारतींच्या जागी उकिरडे साचत होते. तिथं राहणाऱ्या चित्रकार लिझ क्रिस्टी यांनी शेजारीपाजारी जमवून ‘ग्रीन गुरिला’ नावाचा गट काढला. ही मंडळी कुंपणावरून बिया आणि खताचे गोळे पडीक जागांत फेकत. १९७३ मध्ये त्यांनी बाउरी आणि हाउस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा प्लॉट साफ करायला घेतला. पण तेवढ्यावर न थांबता जागा कोणाची याचा शोध लावला आणि शहराच्या गृहनिर्माण खात्याकडे अर्ज केला. १९७४ च्या एप्रिलमध्ये महिना एक डॉलर भाड्यानं ती जागा त्यांना रीतसर मिळाली. कचरा उपसून, चांगली माती आणून तिथं भाजीचे साठ वाफे केले गेले. १९७८ मध्ये शहरानं अशा बागांसाठी ‘ग्रीनथंब’ ही योजनाच सुरू केली. १९८५ मध्ये क्रिस्टी यांचं निधन झालं. त्यांची बाग आजही आहे आणि त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

त्याच शहरानं १९९९ मध्ये मात्र शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. जमीन शहराची होती आणि बागकऱ्यांकडे होती ती तात्पुरती परवानगी. मोठं आंदोलन झालं. अखेर दोन सेवाभावी संस्थांनी त्या विकत घेतल्या, म्हणून त्या वाचल्या.

आपल्याकडे पहिलं काम म्हणजे नगर भूमापन कार्यालयातून जागेचं मालमत्ता पत्रक काढणं. जागा महापालिकेची, सोसायटीची की खासगी, हे त्यातून कळतं. मग मालकाकडून लेखी संमती घ्यावी. जागा किती वर्षांसाठी, पाणी कोण देणार, परत मागितल्यास किती महिने आधी कळवणार, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. जागेवर जुनी झाडं असतील तर त्यांना हात लावू नये. महाराष्ट्राच्या नागरी भागात १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

यानंतर माती पाहायची. कुदळीनं फूटभर खोल खड्डा घ्यावा. आत विटांचे तुकडे, काच, प्लास्टर किती निघतं ते बघावं. मग त्यात बादलीभर पाणी ओतावं. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर निचरा वाईट आहे, हे समजावं. आधी तिथं काय होतं, हे जुन्या रहिवाशांना विचारावं. गॅरेज असेल किंवा जुन्या रंगाचं पडकं घर असेल, तर मातीत शिसं असू शकतं. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, नत्र, स्फुरद, पालाश कळतात; शिसं वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. शंका असेल तिथं विटांचे दीड फूट उंच वाफे बांधून बाहेरची माती भरावी. पालेभाज्या आणि मुळा, गाजर जुन्या मातीत मुळीच लावू नयेत, कारण दूषित माती त्यांनाच जास्त चिकटते.

खत तिथंच करता येतं. वस्तीतला ओला कचरा एक भाग आणि वाळलेला पालापाचोळा तीन भाग, असे थर द्यावेत. मूठभर मिश्रण दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. गळलं तर पाला वाढवावा. कोरडं वाटलं तर पाणी शिंपडावं. पाण्याची पिंपं झाकून ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत, म्हणजे डेंग्यूच्या डासांची पैदास होणार नाही.

पहिल्या हंगामात मेथीचा एक वाफा जरूर करावा. महिन्याभरात जुडी हातात येते आणि काठावर उभे राहून बघणारे शेजारीही खुरपं उचलतात. भेंडी, गवार, दोडका, अळू पावसाळ्यात घ्यावं. वांगी, टोमॅटो, पालक हिवाळ्यात. पाणी घालण्याच्या पाळ्या आणि भाजीची वाटणी फलकावर लिहून ठेवावी. मे महिन्यात निम्मी घरं गावी जातात, तेव्हाची पाळी आधीच ठरवावी. फाटक ठरलेल्या वेळी सर्वांसाठी उघडं असावं. ग्रीनथंबच्या बागांना एप्रिल ते ऑक्टोबर आठवड्यातून किमान २० तास खुल्या राहण्याची अटच आहे.

परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यावा. मार्चपर्यंत राडारोडा हलवावा, एप्रिल-मेमध्ये वाफे भरावेत आणि जूनमध्ये पाऊस नीट लागला की भेंडी-गवारीचं बी टोकावं.